मामाचा हिट

हार्लन फोर्क्स,
रविवार, दुपारचं जेवण (एकट्याचं) उरकल्यावर

चर्चमधल्या डावीकडच्या तिसऱ्या बाकाची (आणि आज सकाळपासून उजवीकडच्या पाचव्या बाकाची) स्वामिनी, थोरली बहीण सौ. आर्डिथताई हिला धाकट्या वर्लिनचा सुरक्षित अंतरावरून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मला पाहून बाक बदलायला तू ज्या चपळाईने उठलीस, त्यावरून तो ठणठणीत असावा, आणि मग ते गुडघ्याचे डॉक्टर कशाचे पैसे घेतात हे त्यांनाच विचारायला हवं. दाजींची तब्येत विचारत नाही. ते गोल्फच्या मैदानावर असतील, म्हणजे कुणाच्या तरी मक्याच्या शेतात वाकून चेंडू शोधत असतील, आणि इतकं वाकता येतंय म्हणजे प्रकृती उत्तम. तुमचं कुत्रं मात्र अजून माझ्याशी बोलतं. काल तुझ्या दारावरून गेलो तर कुंपणापर्यंत येऊन शेपूट हलवून गेलं. घरात काय ठरलंय ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्याकडे मर्ना ठीक आहे, हे मी तुला काय सांगणार? ती आत्ता तुझ्याच टेबलाशी बसून तुझ्या हातचं जेवते आहे. तू तिला बोलावलंस आणि तिच्या नवऱ्याला नाही, याला आपल्या आईच्या भाषेत काय म्हणत ते मी रविवारच्या दिवशी लिहीत नाही.

आपल्या दोन घरांमध्ये एक रस्ता, एक धान्याचं कोठार आणि माझं टायरचं दुकान, एवढंच अंतर. तेवढ्यासाठी तिकीट लावून पत्र पाठवणारा गावातला पहिला शहाणा मीच, असं पोस्टातली लिओना उद्या म्हणेल आणि पाकीट उजेडाला धरून पाहील. (लिओना, नमस्कार. जाड पाकीट मुद्दाम घेतलंय.) पण दुसरा इलाज नाही. फोन तू उचलत नाहीस. दार दाजी उघडतात आणि "ती घरात नाही" असं तुझ्याकडे बघत बघत सांगतात. मर्नाकरवी तुझे जे निरोप आले त्यातला पहिला होता की मी तुझा भाऊ नाही, दुसरा होता की मी तुझा भाऊ असूनही असा वागलो, आणि तिसरा होता की मी तुझा केक कापायचा मोठा सुरा परत करावा. तिन्ही एकदम खरे असू शकत नाहीत.

तेव्हा गुन्हा काय तो आधी स्पष्ट करू. गुरुवारी, मोठ्या क्लबकडून आलेल्या पारखी माणसाच्या देखत, तुझ्या पोटच्या पोराच्या नावावर मी एरर लावला. सख्ख्या मामाने. बरोबर? आता तू पंधरा वर्षं बेसबॉल बघते आहेस हे मला मान्य आहे, पण चेंडू ग्रेडीकडे गेला की तू डोळे मिटून प्रार्थना करतेस, म्हणजे नेमका महत्त्वाचा भाग तू अजून एकदाही पाहिलेला नाहीस. म्हणून एकदा समजून घे. फलंदाजाने मारलेला चेंडू अडवणं कुणाच्याच्याने झालं नसतं, तर तो फलंदाजाचा हिट. अडवायला हवा होता आणि हातून सुटला, तर तो अडवणाऱ्याचा एरर. एरर असला की त्यामुळे गेलेल्या धावा चेंडू टाकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या, माथी येत नाहीत. हिट दिला की येतात. म्हणजे प्रत्येक सुटलेल्या चेंडूचं पाप कुणाच्या तरी पदरात घालावंच लागतं, आणि ते कुणाच्या, हे ठरवायला वरच्या पत्र्याच्या खोलीत एक माणूस बसवलेला असतो. तो मी. पगार म्हणून एक सॉसेज-पाव मिळतो, मोहरीची चटणी आपली आपण आणायची.

हे काम मी मागून घेतलं नव्हतं. तुला आठवत असेल, आधीचा स्कोअरर मोतीबिंदूमुळे गेला. (म्हणजे वारला नाही, पंचांच्या संघटनेत गेला.) संघाचे मालक क्लासेनसाहेब दुकानात आले आणि म्हणाले, "वर्लिन, तू इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतोस. तुझ्याइतका निःपक्षपाती कान गावात नाही." क्लासेनसाहेबांचं मूळ दुकान शवपेट्यांचं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला माणूस कचरतो. कधी ना कधी गाठ त्यांच्याशीच आहे.

तोवर ग्रेडी कॉलेजातच होता, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि माझ्या निःपक्षपातीपणाला काही धोका नव्हता. काय दिवस होते ते! पोरगं शॉर्टस्टॉपच्या जागी उभं राहायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध, जिथे सगळ्यात अवघड चेंडू येतात आणि सगळ्यात देखणी मुलं उभी करतात. आपलं उंचीने बेताचं, हडकुळं, टोपी कानांवर अडकलेली म्हणून डोळ्यांवर येत नव्हती एवढंच. कोच म्हणायचे, "पोराचे हात लोण्यासारखे मऊ आहेत." तू ते सगळ्या चर्चला सांगितलंस. "पण बॅटही लोण्याचीच आहे," हे कोचचं पुढचं वाक्य मात्र तू वाटेत कुठेतरी सांडलंस. चार वर्षं झाली आणि मोठ्या क्लबांनी पोरं निवडायचा तो उन्हाळा आला. तू केला होतास तो केक मी मरेपर्यंत विसरणार नाही. दाराएवढा पांढरा केक, वर निळ्या साखरेने "अभिनंदन ग्रेडी, तू आता", आणि पुढे वीतभर कोरी जागा. क्लबचं नाव जाहीर झालं की लगेच लिहायला साखरेची पिचकारी भरून तू टीव्हीशेजारी उभी. पहिल्या दिवशी तुझा उत्साह, दुसऱ्या दिवशी तुझा हात दुखायला लागला, तिसऱ्या दिवशी साखर पिचकारीत दगड झाली. देशभरातली सहाशे पोरं निवडली गेली. त्यातल्या एकाला तर दोन्ही हातांनी चेंडू टाकता येतो म्हणून घेतलं, दोन्हीपैकी एकाने तरी नीट येतो का हे कुणी विचारलं नाही. शेवटी टीव्ही बंद करून दाजींनी केक कापला आणि कोरा तुकडा ग्रेडीने स्वतःच्या ताटलीत घेतला. "यातच साखर कमी आहे," म्हणाला. तू न्हाणीघरात जाऊन नळ सोडलास. माझे कान तिखट आहेत हे तू दरवेळी विसरतेस.

मग क्लासेनसाहेबांनी त्याला आपल्या गावच्या संघात घेतलं. कुठल्या मोठ्या क्लबचं नाव नाही, गाव नाही, नुसता आपला आपण चाललेला व्यावसायिक संघ, ज्याचं नाव मक्याच्या अळीवरून ठेवलंय. (पिकाचा सत्यानाश करणाऱ्या किडीचं नाव शेतकऱ्यांच्या गावातल्या संघाला देणं, हे ज्या डोक्यातून निघालं ते डोकं शवपेट्या विकतं हे लक्षात घे.) खेळाडूंना पगार इतका की माझ्याकडे चाकं फिरवणारं पोर त्यांना खाऊ घालतं. पण अशा संघांमधूनही मोठे क्लब अधूनमधून एखादा दाणा टिपून नेतात. तेवढ्या आशेवर ही पोरं आणि काही पोरांचे बाप झालेली पोरंही उन्हाळाभर बसमध्ये मान वाकडी करून झोपतात, आणि राहायला गावातल्या लोकांच्या घरी. तुझ्या शिवणाच्या खोलीत तो टर्नबो राहतो तसा. अठ्ठावीस वर्षांचा पिचर, तिकडे ओक्लाहोमात बायको आणि तान्हं मूल, इकडे तुझी शिलाई मशीन आणि त्याचे पाय खिडकीबाहेर.

ग्रेडी आला आणि माझी आयुष्यभराची अब्रू धुळीला मिळायला सुरुवात झाली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाताखालून एक चेंडू गेला, मी प्रामाणिकपणे हिट दिला (आभाळातून आलेली उल्काच ती, परमेश्वरालाही अडवता आली नसती), आणि गावाला नवा शब्द सापडला. कॅफेवाल्या लीलंडच्या हातून कप फुटला की मागून कुणीतरी ओरडतं, "चिंता नको, एरर नाही! मामाचा हिट!" पाद्रीसाहेब प्रवचनात ओळ चुकले तर शेवटच्या बाकावरून "मामाचा हिट" असं कुजबुजलेलं मी स्वतः ऐकलंय. त्यात तू. दर सामन्याआधी तुझे गरमागरम बीरॉक (आपल्या आजीच्या पद्धतीचे, भरलेले पाव, आत कोबी आणि खिमा, वरून लोणी) टोपलीत घालून वरच्या खोलीत पाठवायचीस, आणि ग्रेडीच्या हातून काही सुटलं की खाली उभी राहून माझ्याकडे वर बघायचीस. नुसती रिकामी टोपली हलवायचीस. ताई, बेसबॉलच्या इतिहासात इतकी स्वच्छ लाच कुणी दिली नसेल. मीही ती पोटात घातली, हे खोटं नाही. पण मनात म्हणायचो, कोबी वेगळा आणि न्याय वेगळा.

आणि मग गुरुवार. तो माणूस आला. गवती टोपी, मळका शर्ट, कुणी ओळखू नये म्हणून गाडी कोठारामागे लावलेली, त्यामुळे अख्ख्या गावाला तासाभर आधीच कळलं. पिचरच्या बरोबर समोर, जाळीमागे जाऊन बसला, मांडीवर ते चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. तू काय केलंस? तू त्याच्या शेजारी जाऊन बसलीस. मी वरून सगळं ऐकत होतो. "कोणते क्लबवाले तुम्ही? नाही नाही, सांगू नका. हा सहा नंबरचा बघा. कोण आहे माहीत नाही, पण हात बघा त्याचे. घ्या ना, आणखी एक घ्या, लाजू नका." त्या माणसाने पहिला बीरॉक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा घेताना त्याचा चेहरा शवपेटीतल्यासारखा झाला होता. दाजी मागून म्हणाले, "आर्डिथ, त्याला श्वास घेऊ दे." त्यावर तू म्हणालीस, "तो काय नाकाने खातोय?"

आठवा डाव. टर्नबो घामाने भिजलेला, दोन गडी बाद, दोन बेसवर, आणि आपण एका धावेने पुढे. तिरकस ऊन. चेंडू आला तो सरळ ग्रेडीकडे, मातीला लागून शेवटच्या क्षणी उसळला आणि त्याच्या ग्लोव्हला आपटून डावीकडे मैदानात पळाला. दोन धावा गेल्या. सामना गेला. आता सगळं मैदान एका सुरात म्हणालं, "चेंडू उसळला! खडा होता!" (मैदान क्लासेनसाहेबांचं. नाचता येईना तर अंगण वाकडं ही सोय त्यांनी खेळाडूंना पगारासोबत दिलेली आहे.) सगळ्यांनी पाहिलं. मी मात्र ऐकलं. खड्यावरून उडालेला चेंडू चामड्याच्या टोकाला लागला तर आवाज येतो 'टप्'. चेंडू आधी पोहोचला आणि हात नंतर, तर तो लागतो तळव्याच्या मुळाशी, आणि आवाज येतो रिकाम्या पिंपासारखा. मी चाळीस वर्षं हवा गेलेली चाकं ऐकतोय. मला फसवू नको.

पण मी खाली पाहिलं. तू उभी होतीस. टोपली हातात. आणि या वेळी ती हलवतही नव्हतीस.

मी हिट दिला. फलकावर दिवा लागला, तू टाळी वाजवलीस, कुणीतरी मागून ओरडलं ते काय ओरडलं हे तू जाणतेस. लोक घरी गेले. आणि त्यानंतर, खोली बंद करायच्या आधी, मी तो हिट खोडून एरर लिहिला. नियमात निकाल बदलायला एक दिवसाची मुभा असते. का बदललास, असं मर्नाने विचारलं, लीलंडने विचारलं, क्लासेनसाहेबांनी विचारलं. मी सांगितलं, "माझा कान, माझी मर्जी." तुलाही तेच सांगतो. निकाल कानाचा आहे, त्यावर टोपलीचं अपील चालणार नाही. यापुढे माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. मी टायर विकणारा माणूस आहे, माझ्याशी कुणी प्रेमाने बोलावं अशी माझी अपेक्षा नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण आधीच चिडलेला असतो.

दाजींना नमस्कार. कुत्र्याला विशेष नमस्कार.

तुझा (असलो तर) धाकटा भाऊ
वर्लिन उनरुह

ता. क. सुरा परत करतो. पण तो मी घेतला नव्हता, केकच्या दिवशी तूच रागाने माझ्या गाडीत टाकला होतास, सीट अजून फाटलेलं आहे.

ता. क. दोन. वर "माझी मर्जी" असं लिहिलं ते साफ खोटं. सामना संपल्यावर ग्रेडी वर आला होता. खिळ्यांचे बूट हातात, पायात नुसते मोजे. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, बदल ते."

मी म्हटलं, "काय बदलू? खडा होता. अख्ख्या गावाने पाहिलाय."

"मी डोकं वर केलं, मामा. पळणाऱ्याकडे बघितलं. चेंडू माझाच होता. तू ऐकलंस, मला माहितीये तू ऐकलंस."

मी म्हटलं, गाढवा, खाली तो माणूस तुझ्यासाठी आलाय. त्यावर म्हणाला, "माहितीये." आणि मग म्हणाला की शनिवारी क्लासेनसाहेब म्हाताऱ्या पिचरांतला एक कमी करणार आहेत, आकडे बघून करणार आहेत, आणि या दोन धावा टर्नबोच्या नावावर राहिल्या तर तो ओक्लाहोमाच्या बसमध्ये बसेल. "त्याने चेंडू बरोबर टाकला होता, मामा. मी सोडला." मग माझ्याकडून वचन घेतलं की आईला कळता कामा नये, ती टर्नबोला जेवायला वाढते. मी वचन दिलं. पण टायरवाल्याचं वचन वॉरंटीसारखं असतं, त्याला मुदत असते. याची शनिवारपर्यंत होती.

ता. क. तीन. तो गवती टोपीवाला शुक्रवारी सकाळी माझ्याच दुकानात आला. चाकात खिळा. (देवाशपथ, मी टाकला नव्हता.) मी चाक काढत होतो आणि तो म्हणाला, "तुमच्या त्या खोलीचा जिना लोखंडी आहे. मोज्यांनी चढलं तरी वाजतो." तो टर्नबोशी बोलायला खालीच थांबला होता. सगळं ऐकलं होतं त्याने. माझ्याशिवाय या जिल्ह्यात कुणाला कान आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

हो, टर्नबोशी बोलायला. वेग मोजायचं यंत्र घेऊन माणूस शॉर्टस्टॉप बघायला येत नाही, पिचर बघायला येतो, हे तुझ्या, माझ्या, दाजींच्या, अख्ख्या गावाच्या डोक्यात आलं नाही. तो ग्रेडीसाठी आलाच नव्हता, ताई. ते तिन्ही बीरॉक वाया गेले. वर त्याने निरोप ठेवलाय, "त्या बाईंना सांगा, फार छान होते, पण मला कोबी सोसत नाही." शुक्रवारी तो माझ्याकडे आला तेव्हा डोळे खोल गेले होते. मला वाटलं प्रवासाने.

टर्नबोला त्यांनी काल घेतलं. येत्या गुरुवारी त्याला तिकडे हजर व्हायचंय. बाहेरगावचे सामने संपवून आपला संघ बुधवारी परत येतो.

ता. क. चार. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. ग्रेडीने काल बसमधून फोन केला. टर्नबो तुझ्या घरी यायला घाबरतो. म्हणतो, "ज्या बाईच्या मुलाला बघायला माणूस आला असं तिला वाटत होतं, त्या माणसाने मला उचललं. आता तिच्या टेबलाशी कुठल्या तोंडाने बसू? माझी बॅग मागच्या पायरीवर ठेवायला सांग, मी उचलून जाईन." दिवसभर तेवढंच बोलतोय म्हणे. ग्रेडीला तुला विचारायचा धीर होत नाही, म्हणून त्याने मामाला सांगितलं, आणि मामाला तुझ्यासमोर यायचा धीर होत नाही, म्हणून हे तिकिटाचे पैसे.

बॅग पायरीवर ठेवू नकोस. केक कर. तोच, दाराएवढा. टर्नबोचं नाव घाल, क्लबचं नाव घाल, साखर या वेळी ताजी भर. कोबी घालू नकोस. आणि ग्रेडी स्वतः काही बोलला नाही तर तूही काही विचारू नकोस, फक्त त्याला मोठा तुकडा दे.

ता. क. पाच. चाक बसवून झाल्यावर तो माणूस गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "त्या पोराचे पाय चांगले आहेत. हात चांगले आहेत. डोकं लवकर वर करतो, तेवढं सांगा. बाकी त्याला कुणी काही शिकवू नका. ऑगस्टमध्ये परत येतो." कुणासाठी येतो ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

पण केकवर एका कोपऱ्यात ग्रेडीचं नाव लिही आणि पुढे थोडी कोरी जागा सोड. वीतभर नको. त्यांच्या क्लबचं नाव आखूड आहे.